ग्रामसभेवाचून गाव

गावाचे शहर झाले म्हणजे गावकऱ्याची बढती झाली, असे समजण्याची आपल्याकडे एक जुनी सवय आहे. कचेरीवरची पाटी बदलते. सरपंचाच्या जागी नगराध्यक्ष येतो, ग्रामसेवकाच्या जागी मुख्याधिकारी येतो, कालचा पंच आज नगरसेवक म्हणून मिरवू लागतो. हारतुरे होतात, मिरवणूक निघते आणि चार दिवस गाव आनंदात असते. ह्या साऱ्या गडबडीत एक साधा प्रश्न विचारावयाचा राहून जातो. पाटी बदलली, पदे बदलली, हे खरे. परंतु ह्या बदलात सामान्य गावकऱ्याच्या पदरात काय पडले आणि त्याच्या हातून काय गेले? जमाखर्चाची वही उघडली की जमा आणि खर्च ह्या दोन्ही बाजू पाहाव्या लागतात. नगरपंचायतींच्या बाबतीत आपण आजवर जमेची बाजूच वाचीत आलो आहोत.

यवतमाळ जिल्ह्यातील मारेगावचे उदाहरण घेऊ. वणीहून करंजीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे तालुक्याचे ठिकाण. भोवती काळी जमीन. कापूस, तूर आणि सोयाबीन ह्यांवर जगणारा मुलूख. तहसील कचेरी, पोलीस ठाणे, शाळा, बाजार, अडत ह्यांमुळे गावाला थोडेसे शहरी वळण लागलेले. परंतु पाऊस लांबला की सगळ्या गावाचा चेहरा उतरावा, इतके ते शेतीशी बांधलेले. २०१४ च्या सुमारास राज्य सरकारने तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींचे सरसकट नगरपंचायतींत रूपांतर करण्याचे धोरण स्वीकारले आणि त्या लाटेत मारेगावही नगरपंचायत झाले. डिसेंबर २०२१ आणि जानेवारी २०२२ अशा दोन टप्प्यांत राज्यातील नगरपंचायतींच्या निवडणुका झाल्या, त्यांत यवतमाळ जिल्ह्यातील बाभुळगाव, कळंब, राळेगाव, महागाव, झरी जामणी ह्यांच्या जोडीने मारेगावचीही निवडणूक झाली. सतरा प्रभागांतून सतरा नगरसेवक निवडून आले. लोकशाहीचा रीतसर विधी पार पडला. पण ज्या दिवशी मारेगावची ग्रामपंचायत संपली, त्या दिवशी मारेगावची ग्रामसभाही संपली. आणि ह्या दुसऱ्या गोष्टीची कोणी फारशी दखल घेतली नाही.

शहरातल्या वाचकाला ग्रामसभा ही काय चीज आहे, ह्याची कल्पना बहुधा नसते. ग्रामपंचायत आणि ग्रामसभा हे दोन शब्द तो एकाच अर्थाने वापरतो. वस्तुतः ह्या दोहोंत मोठे अंतर आहे. ग्रामपंचायत म्हणजे निवडून दिलेल्या सात ते सतरा सदस्यांची कार्यकारी संस्था. ग्रामसभा म्हणजे गावाच्या मतदारयादीत ज्याचे नाव आहे, त्या प्रत्येकाची सभा. तिचे सदस्यत्व कोणी देत नाही आणि कोणी काढूनही घेऊ शकत नाही. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या सातव्या कलमाने ही सभा वर्षातून ठराविक वेळा भरविणे बंधनकारक केले आहे. प्रजासत्ताक दिन, महाराष्ट्र दिन, स्वातंत्र्यदिन आणि गांधीजयंती हे तिचे परिचयाचे दिवस. सभेपूर्वी स्त्रियांची स्वतंत्र सभा घ्यावी, असेही कायदा सांगतो. मतदारांपैकी पंधरा टक्के किंवा शंभर, ह्यांत जी संख्या कमी असेल तेवढी माणसे जमली की गणपूर्ती झाली. सभेपुढे गेल्या वर्षाचा हिशेब मांडावयाचा, येत्या वर्षाचा आराखडा ठेवावयाचा, घरकुलासारख्या योजनांचे लाभार्थी तेथेच निवडावयाचे. पुरेशा कारणावाचून जो सरपंच ग्रामसभा भरविणार नाही, त्याच्या पदावर गदा येऊ शकते. थोडक्यात, ज्या गावकऱ्याने पाच वर्षांतून एकदा मत दिले, त्याला मधल्या काळात उभे राहून ‘ह्या पैशाचे काय केले?’ असे विचारण्याचा कायदेशीर हक्क जेथे आहे, ती जागा म्हणजे ग्रामसभा. आपल्या देशातील विधिमंडळात, संसदेत, महानगरपालिकेत कोठेही सामान्य मतदाराला हा हक्क नाही. तो फक्त खेड्यात आहे.

हा हक्क सहजासहजी आलेला नाही. १९४८ साली घटनासमितीत खेड्याच्या प्रश्नावर जो वाद झाला, तो आजही वाचण्यासारखा आहे. गांधीजींच्या अनुयायांना ग्रामस्वराज्य हाच राज्यघटनेचा पाया हवा होता. डॉ. आंबेडकरांनी खेड्याला संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे आगर म्हटले आणि घटनेने व्यक्तीला घटक मानले, गावाला नव्हे, ह्याबद्दल समाधान व्यक्त केले. ज्यांना गावकुसाबाहेर ठेवण्यात आले होते, त्यांच्या वतीने उच्चारलेला तो इशारा होता आणि त्याला मुळीच कमी लेखता येणार नाही. तडजोड म्हणून चाळिसावे कलम आले. पण ते मार्गदर्शक तत्त्वांत. पुढे १९५७ साली बलवंतराय मेहता समितीचा अहवाल आला. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० साली वसंतराव नाईक समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशींवरून १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या अस्तित्वात आल्या. विदर्भातील जुन्या जनपद सभा त्यापूर्वीच्या. यवतमाळ जिल्ह्याला ह्या इतिहासाचा विशेष अभिमान वाटावा, कारण नाईक ह्याच जिल्ह्यातील पुसद भागाचे. मुंबईला जाण्यापूर्वी त्यांनी पुसदच्या नगरपालिकेचे अध्यक्षपदही सांभाळले होते. म्हणजे गाव आणि नगर ह्या दोन्ही प्रकारच्या कारभाराचा त्यांना अनुभव होता.

तथापि पंचायत राज्याला घटनेत पक्की जागा मिळाली ती १९९३ मध्ये. २४ एप्रिल रोजी त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली. १ जूनला चौऱ्याहत्तरावी. पहिली खेड्यांसाठी, दुसरी शहरांसाठी. दोन्हींनी नियमित निवडणुका, स्त्रियांसाठी आणि मागासवर्गीयांसाठी राखीव जागा, स्वतंत्र निवडणूक आयोग आणि वित्त आयोग दिले. आंबेडकरांच्या इशाऱ्याला काही अंशी तरी उत्तर देण्याचा हा प्रयत्न होता. परंतु ह्या दोन जुळ्या दुरुस्त्यांत एक महत्त्वाचा फरक राहिला. खेड्यांसाठीच्या दुरुस्तीत ग्रामसभेला स्वतंत्र कलम मिळाले. शहरांसाठीच्या दुरुस्तीत तिच्या जागी प्रभाग समित्या आल्या, त्या नागरिकांच्या नव्हेत, तर प्रामुख्याने नगरसेवकांच्या; आणि त्याही तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकवस्तीच्या शहरांतच बंधनकारक. मोठ्या शहरांसाठी पुढे क्षेत्रसभेची कल्पना निघाली खरी, पण ग्रामसभेचे वजन तिला कधी आले नाही.

आता मारेगावसारख्या गावाची स्थिती पाहा. ते खेडे राहिले नाही, म्हणून त्याला ग्रामसभा नाही. ते तीन लाखांचे शहर नाही, म्हणून त्याला प्रभाग समितीही नाही. घटनेने ज्यांना ‘संक्रमणशील क्षेत्र’ म्हटले, म्हणजे जी खेडेपण सोडून नगरपण घेऊ लागली आहेत, त्यांच्यासाठी नगरपंचायत ही संस्था निर्माण झाली. हेतू चांगला होता. परंतु एका काठावरून निघालेला माणूस दुसऱ्या काठाला लागण्यापूर्वी नावाडी नाव सोडून निघून जावा, तशी ह्या गावांची गत झाली आहे. नगरपंचायतीच्या सभेत सतरा जण बोलतात. गावकऱ्याला फार तर श्रोता म्हणून बसता येईल. बोलता येणार नाही, ठराव मांडता येणार नाही, हिशेबावर बोट ठेवता येणार नाही. काल जो कायद्याने सभासद होता, तो आज अर्जदार झाला.

न्यायाला धरून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नगरपंचायत झाल्याने काहीच लाभ झाला नाही, असे आम्ही म्हणत नाही. गावाचा संबंध ग्रामविकास खात्याऐवजी नगरविकास खात्याशी आला. रस्ते, गटारे, दिवाबत्ती, घनकचरा ह्यांसाठी मिळणाऱ्या अनुदानाचे मार्ग रुंदावले. पूर्णवेळ मुख्याधिकारी मिळाला. वाढत्या वस्तीला नगररचनेचा आणि बांधकाम परवानगीचा काही शिस्तबद्ध विचार आवश्यक होता, त्याची सोय झाली. लहान ग्रामपंचायतीत एकाच ग्रामसेवकाकडे दोन-तीन गावांचा कारभार असतो. कर आकारणीच्या आठ नंबरपासून रोकडवहीपर्यंतचे तेहतीस नमुने त्याने एकट्याने भरावयाचे असतात. ह्या दुबळेपणातून सुटका होणे ही काही लहान गोष्ट नव्हे. मात्र हेही लक्षात ठेवले पाहिजे की, खेडे म्हणून मिळणाऱ्या काही सवलती ह्याच वेळी बंद होतात. शेतमजुराच्या दृष्टीने पाहिले, तर २००५ च्या केंद्रीय कायद्याने दिलेली रोजगाराची हमी ग्रामीण क्षेत्रापुरतीच होती. शेतात राबणारा माणूस कागदावर नागरी झाला, तरी त्याचे पोट नागरी होत नाही.

ग्रामसभेच्या दोषांकडेही डोळेझाक करून चालणार नाही. कित्येक गावांत ग्रामसभा म्हणजे झेंडावंदनानंतर उरकावयाचा एक उपचार झाला आहे. गणपूर्ती होत नाही, सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्तीचे बंधन नाही, म्हणून पुढे मोजकी माणसे बसून कागद पुरे करतात. सह्यांची वही घरोघर फिरते. स्त्रियांच्या सभेचा वृत्तान्त पुरुषांच्या हस्ताक्षरात लिहिला जातो. गावगुंडीपुढे गरिबाचा आवाज उमटत नाही. हे सर्व खरे आहे. परंतु दार गंजले म्हणून भिंत बांधून ते बुजवून टाकावयाचे नसते. ग्रामसभेचा हक्क वापरला जात नाही, ही एक तक्रार झाली; तो हक्कच उरला नाही, ही अगदी निराळी अवस्था आहे. पहिलीवर उपाय गावकऱ्याच्या हाती असतो. दुसरीवर तो कायदा करणाऱ्याच्या हाती जातो.

आणि हा हक्क वापरला गेला म्हणजे काय घडू शकते, ह्याचे उदाहरण विदर्भातच आहे. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातले मेंढा हे गोंडांचे लहानसे गाव. तेथील ग्रामसभेने बहुमताने नव्हे, तर सर्वांच्या संमतीने निर्णय घेण्याची रीत पाडली. निर्णयापूर्वी विषय समजून घेण्यासाठी अभ्यासगट चालविला. वनहक्क कायद्यान्वये २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क ह्या गावाला मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश ह्यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार वनखात्याकडून ग्रामसभेच्या हाती आला. सरकारी कचेऱ्यांचे उंबरे झिजविणारे गाव स्वतःच परवाना देणारे झाले. ह्यात चमत्कार काही नव्हता. सभा नियमाने भरत होती, एवढेच.

मारेगावच्या बाबतीत तर दैवाचा खेळ असा की, ज्या गावाने आपली सभा गमावली, त्याच्याच परिसरात सभेचा हक्क सर्वांत बळकट झालेला आहे. अनुसूचित क्षेत्राविषयीच्या १९८५ च्या आदेशात तेव्हाच्या मारेगाव तहसिलीतील कित्येक गावांचा समावेश आहे. अशा क्षेत्रांसाठी १९९६ साली केंद्राने ‘पेसा’ कायदा केला आणि राज्याने २०१४ मध्ये त्याचे नियम केले. ह्या नियमांनुसार महसुली गावातला एखादा पाडा किंवा कोलामांचे एखादे पोडसुद्धा स्वतंत्र गाव म्हणून जाहीर होऊ शकते आणि त्याला स्वतःची ग्रामसभा मिळू शकते. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेच्या निधीपैकी पाच टक्के रक्कम थेट अशा ग्रामपंचायतींकडे जाऊ लागली आणि तिच्या खर्चाला ग्रामसभेची संमती आवश्यक ठरली. म्हणजे पोडावरच्या कोलामाला कायद्याने जे विचारता येते, ते तालुक्याच्या गावातल्या वकिलाला, शिक्षकाला, दुकानदाराला विचारता येत नाही. पोडाला तो हक्क मिळाला, ह्याचा आम्हांस आनंदच आहे. खेद आहे तो हा की, ज्याला आपण प्रगती म्हणतो, तिच्या पायरीवर एक पाऊल वर चढताच माणसाने तो हक्क खाली ठेवून यावे, अशी व्यवस्था आपण करून ठेवली.

ही व्यथा एकट्या मारेगावची नव्हे. कोकणच्या किनाऱ्यावर गुहागर, देवगड-जामसंडे हीही अशीच गावांची नगरे झालेली आहेत. तेथील प्रश्नांचे रूप वेगळे, गाभा मात्र तोच. किनाऱ्यावरच्या गावाच्या अंगणात समुद्र असतो, पण बंदर सागरी मंडळाचे, मासेमारीचे परवाने मत्स्यव्यवसाय खात्याचे, वाळू महसूल खात्याची आणि घर कोठे बांधावे हे किनारपट्टी नियमनाच्या अधिसूचनांनी ठरविलेले. १९९१, २०११ आणि २०१९ अशा तीनदा त्या नव्याने निघाल्या. मारेगावच्या मुलुखात जंगल वनखात्याचे, शेजारच्या वणी भागात जमिनीखालचा कोळसा केंद्र सरकारच्या कंपनीचा. स्थानिक संस्थेच्या वाट्याला उरतात ती गटारे, दिवे आणि दाखले. ज्या संस्थेच्या हाती थोडे आहे, तिच्या मागे निदान सगळे गाव उभे राहू शकले पाहिजे. ग्रामसभेचा ठराव घेऊन जाणारा सरपंच आणि सतरा जणांच्या सहीचा कागद घेऊन जाणारा नगराध्यक्ष, ह्या दोघांना वरच्या कचेरीत सारखेच वजन असेल, असे आम्हांस वाटत नाही.

गेल्या काही वर्षांचा अनुभव ह्या चिंतेत भर घालणारा आहे. इतर मागासवर्गीयांच्या राखीव जागांच्या प्रश्नावरून निवडणुका रखडल्या आणि यवतमाळसह अनेक जिल्हा परिषदा मार्च २०२२ पासून प्रशासकांच्या हाती गेल्या. तो काळ तीन वर्षांहून अधिक लांबला. अखेर मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घेण्याचा आदेश द्यावा लागला. ह्या दीर्घ पोकळीत खेड्यातल्या माणसापाशी ग्रामसभा तरी होती. प्रतिनिधी नसतानाही सभा असू शकते. नगरपंचायतीची मुदत संपून तेथे प्रशासक बसला, तर तेथल्या नागरिकाच्या हाती काय राहील? एक अर्ज, एक पोच आणि प्रतीक्षा.

मग करावयाचे काय? नगरपंचायती मोडून पुन्हा ग्रामपंचायती करा, असा उलट्या पावली जाणारा सल्ला आम्ही देणार नाही. गाव वाढले आहे, त्याच्या गरजा वाढल्या आहेत. परंतु नगरपंचायतींना लागू असलेल्या १९६५ च्या अधिनियमात दुरुस्ती करून प्रत्येक नगरपंचायतीला वर्षातून निदान चार वेळा नागरिकांची खुली सभा बंधनकारक करणे, ह्यात कोणती घटनात्मक अडचण आहे? लोकवस्ती अगदीच मोठी वाटत असेल, तर प्रभागवार सभा घ्या. सभेपुढे हिशेब ठेवावयाचा, लाभार्थ्यांची यादी वाचून दाखवावयाची, ठरावाची नोंद करावयाची आणि पुढच्या सभेत त्याचे काय झाले ते सांगावयाचे, एवढी चार कलमे पुरेत. ग्रामसभा न भरविणाऱ्या सरपंचाला जी शिक्षा आहे, तीच येथे नगराध्यक्षाला लावावी. आमदारांनी एका अधिवेशनात पार पाडावे, इतके हे साधे काम आहे.

कायदा होईपर्यंत हात बांधून बसण्याचेही कारण नाही. नागरिकांना एकत्र बोलावून त्यांच्यापुढे हिशेब वाचण्यास कोणताही कायदा मनाई करीत नाही. येत्या स्वातंत्र्यदिनी किंवा गांधीजयंतीला मारेगावच्या नगराध्यक्षांनी आणि सतरा नगरसेवकांनी शाळेच्या पटांगणावर गाव बोलवावे, वर्षाचा जमाखर्च मोठ्याने वाचावा आणि मग गावाचे बोलणे ऐकून घ्यावे. त्या सभेच्या ठरावाला कायद्याचे बळ नसेल, लाजेचे तरी असेल. आणि सार्वजनिक जीवनात लाजेचे बळ काही थोडे नसते. जो प्रतिनिधी अशी सभा बोलवील, त्याला पुढच्या निवडणुकीत भाषणे करावी लागणार नाहीत.

प्रस्तुत लेखकाने पूर्वी काही वर्षे शाळेत नागरिकशास्त्र शिकविले आहे. ग्रामपंचायतीचा पाठ झाला की एखादा मुलगा हमखास विचारी, ‘गुरुजी, ग्रामसभेत मला बोलता येईल का?’ उत्तर सोपे होते: अठरा वर्षांचा झालास की येईल. त्या उत्तराने मुलाच्या चेहऱ्यावर जो भाव उमटे, तो कोणत्याही परीक्षेच्या गुणांपेक्षा मोलाचा होता. आपण ह्या गावाचे कोणीतरी आहोत, अशी ती जाणीव होती. आज मारेगावच्या शाळेत तोच पाठ शिकविणाऱ्या गुरुजींना, मुलाने तोच प्रश्न विचारला, तर खरे उत्तर देताना अडखळावे लागेल. शेजारच्या खेड्यातल्या मुलाला येईल, तुला येणार नाही, असे त्यांना सांगावे लागेल. ‘गाव करी ते राव काय करी’ असे आपले पूर्वज म्हणत आले. गावाचे नगर करताना आपण रावांची संख्या वाढविली. गावाला मात्र गप्प बसविले. ते पुन्हा बोलते करणे हे मारेगावकरांचे काम आहेच. पण ज्या विधिमंडळाने ते गप्प केले, त्याचे ते अधिक आहे.